मादी झाडांचा हिशेब

दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिए शहराच्या आसपास, चुनखडीच्या कोरड्या माळांवर थाईमची बुटकी झुडपे उगवतात. त्यांतल्या पुष्कळांची पाने चुरगळली की ओव्याचा वास येतो, कारण ओव्यातला थायमॉल त्यांच्याही तेलात असतो. ही झुडपे फुलली की नीट पाहणाऱ्याला त्यांच्यात दोन तऱ्हा दिसतात. काहींची फुले जरा मोठी असतात आणि परागाने भरलेले पुंकेसर त्यांतून बाहेर डोकावतात. काहींची फुले लहान, पुंकेसर खुरटलेले आणि परागकोश रिकामे. पहिली झुडपे उभयलिंगी, म्हणजे पराग देणारी आणि बीही धरणारी. दुसरी फक्त मादी. नुसते नर झुडूप मात्र सगळा माळ धुंडाळला तरी सापडत नाही.

सपुष्प वनस्पतींत उभयलिंगी फूल हीच सर्वसाधारण रीत आहे. सुमारे 70 टक्के जातींत प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. खजुरासारखी, नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे अशी रचना 5 ते 6 टक्के जातींत आहे. मादी आणि उभयलिंगी झाडे एकत्र नांदतात अशा जाती त्याहून बऱ्याच कमी, एकूण जातींच्या सुमारे एक टक्का. पण त्या एखाद्या कुळापुरत्या नाहीत. तुळस-पुदिन्याचे कुळ, कार्नेशनचे, इसबगोलाचे, बीटचे, सूर्यफुलाचे, अशा एकमेकांपासून दूरच्या कुळांत ही व्यवस्था पुन्हा पुन्हा उपजली आहे. शास्त्रज्ञ तिला गायनोडायोसी म्हणतात. जी गोष्ट इतक्या वेळा स्वतंत्रपणे घडते तिला अपघात म्हणून बाजूला सारता येत नाही.

प्रश्न साधा आहे. पराग बनवण्याची क्षमता गमावलेले झाड वंश पुढे नेण्याचा अर्धा मार्ग गमावून बसते. मग ते नाहीसे का होत नाही? आणि त्याला काही मोठा फायदा होत असेल, तर ते सगळा माळ व्यापून का टाकत नाही? या प्रश्नावर दीडशे वर्षे काम झाले आहे, आणि ते सारे वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की बराच काळ आपण प्रश्नच चुकीच्या धन्याला विचारत होतो. यात झाडाला काय मिळते, असे आपण विचारत राहिलो. झाड हा एकच पक्ष आहे हे त्यात गृहीत होते, आणि गाडी नेमकी तिथेच अडत होती.

सुरुवात चार्ल्स डार्विनने केली. 1877 साली त्याने एकाच जातीच्या वनस्पतींवर येणाऱ्या वेगवेगळ्या रूपांच्या फुलांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला अर्पण केले. त्यातले एक प्रकरण या मादी-उभयलिंगी जातींना बरीच जागा देते. रानथाईमच्या दोन्ही तऱ्हा त्याच्या नजरेत इतक्या बसल्या होत्या की टॉर्कीच्या परिसरात भरभर चालतानाही तो त्या ओळखू शकत असे. पण त्याचे खरे काम मोजण्याचे होते. सॅव्हरी नावाची, थाईमच्याच कुळातली बागेतली वनस्पती त्याने वाढवली, दोन्ही तऱ्हांच्या झाडांचे बी गोळा केले आणि तोलले. मादी झाडांच्या बियांचे वजन उभयलिंगींच्या दुपटीहून अधिक भरले. मादी झाड परागावरचा खर्च वाचवते आणि तो बियांकडे वळवते, हा विचार इथून सुरू झाला. मादी फुले लहान का असतात, यावर हर्मन म्युलर या जर्मन निरीक्षकाने मांडलेला तर्क त्याने तपासला आणि तो त्याला पटला नाही. आपल्याजवळच्या पुराव्याला जेवढे झेपते तेवढेच बोलण्याची ही सवय आजही शिकण्यासारखी आहे.

वाचवलेला खर्च किती लागतो हे मात्र डार्विनला सांगता येण्यासारखे नव्हते, कारण आनुवंशिकतेचा हिशेबच तेव्हा कुणाच्या हाती नव्हता. तो हिशेब असा. प्रत्येक बीला एक आई असते आणि एक बाप. सगळी झाडे उभयलिंगी असतील, तर प्रत्येक झाड सरासरीने एक वाटा आई म्हणून मिळवते आणि एक वाटा बाप म्हणून. मादी झाडाला दुसरा वाटा मिळणारच नाही. म्हणजे नुसते बरोबरीत राहायचे तरी तिने उभयलिंगीच्या दुप्पट बी दिले पाहिजे. त्याहून जास्त दिले तर तिची संख्या वाढू लागते. पण जसजशा माद्या वाढतात तसतसे पराग देणारे कमी होतात आणि त्या उरलेल्यांचा बाप म्हणून मिळणारा वाटा फुगत जातो. एका टप्प्यावर तराजू समतोल होतो. गणित सोडवून पाहिले तर तिप्पट बी देणारी मादीसुद्धा एकूण झाडांच्या 25 टक्क्यांवर थांबते. बी कितीही पट वाढवा, माद्या निम्म्यापर्यंत कधी पोहोचत नाहीत.

या हिशेबात एक सवलत आहे. उभयलिंगी झाड स्वतःच्याच परागाने बी धरत असेल आणि अशा बीतून दुबळी रोपे निघत असतील, तर त्याच्या बियांची खरी किंमत घटते आणि मादीला दुपटीची गरज राहत नाही. मादीचे प्रत्येक बी परक्या परागाचे असते, म्हणून तिची रोपे धडधाकट निघतात. हवाई बेटांवरच्या शीडिया या प्रजातीत स्टीफन वेलर आणि अॅन साकाई यांनी हे अनेक वर्षांच्या कामातून दाखवले. तिथल्या वाऱ्याच्या, कोरड्या कड्यांवर कीटक कमी, स्वपरागण जास्त आणि त्यातून येणारी रोपे कमजोर. मादी झाडांना तिथे जागा मिळणे समजण्यासारखे आहे. शीडिया सॅलिकारिया या जातीत नरवंध्यत्व केंद्रकातल्या जनुकाने ठरते हेही त्यांनी संकर करून सिद्ध केले. सगळीकडे असेच असते तर हा लेख इथे संपला असता.

पण थाईम या हिशेबात बसत नाही. बर्नार डोमे, जॉर्ज वाल्देरों, फिलिप व्हेर्ने, पिएर-आंरी गुयों, देनी कुवे आणि पुढे जॉन थॉम्पसन यांच्यासारख्या माँपेलिएच्या संशोधकांनी अनेक दशके या झुडपांची मोजणी केली. माद्यांचे सरासरी प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास निघाले. एका माळावर 5 टक्के, तर दुसऱ्यावर 95 टक्के, इतकी तफावत. थाईमची मादी उभयलिंगीपेक्षा पुष्कळ जास्त बी देते हे खरे. पण निम्म्याची मर्यादा तिला लागू नाही, याचा अर्थ वरच्या गणितातले काहीतरी मुळातच वेगळे असले पाहिजे.

काय वेगळे होते त्याचा धागा खूप आधी हाती आला होता. मेंडेलचे नियम 1900 साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक, जर्मनीचा कार्ल कोरेन्स, याने त्यानंतरच्या दशकात डार्विनच्याच सॅव्हरीवर संकर केले. मादी झाडाला उभयलिंगीचा पराग दिला तर संतती जवळजवळ सगळी मादीच निघत होती. बापाचा जणू काही संबंधच नाही. 1909 साली याच कोरेन्सने आपल्या अंगणात संध्याकाळी उमलणाऱ्या गुलबक्षीच्या पांढऱ्या-हिरव्या चट्ट्यांच्या पानांवरून दाखवले की काही गुण केवळ आईकडून, पेशीद्रव्यातून येतात. 1921 साली विल्यम बेटसन आणि अॅलिस गेर्डनर यांनी जवसाच्या संकरात नरवंध्य झाडे वर्णन केली, आणि पुढच्या काही वर्षांत पेशीद्रव्य आणि केंद्रक यांच्या बेबनावातून ती उपजतात हे स्पष्ट झाले.

या साऱ्याला गणिताची शिस्त लावली ती डॅन लुइस या इंग्रज आनुवंशिकीतज्ज्ञाने, 1941 साली. त्याने दाखवलेली गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटते. नरवंध्यत्व केंद्रकातल्या जनुकाने येत असेल तर दुपटीची अट लागते. ते पेशीद्रव्यातून, केवळ आईकडून येत असेल तर ती अट उरतच नाही. बी उभयलिंगीपेक्षा जरासे जास्त असले तरी पुरे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पेशीतल्या तंतुकणिकांना, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या त्या सूक्ष्म अंगकांना, स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि तो सहसा फक्त बीजांडातून पुढच्या पिढीत जातो. परागातून तो जात नाही. म्हणून तंतुकणिकेतल्या जनुकाच्या दृष्टीने झाडाने परागावर केलेला सगळा खर्च वाया गेलेला असतो. परागकोश बंद पाडून झाडाला पाच टक्के जास्त बी धरायला लावणारा बदल तिच्यात झाला, तर तो बदल पसरणारच. झाडाचे एकूण नुकसान होते की फायदा, याचा त्या प्रसाराशी संबंध नाही. केंद्रकातल्या जनुकांचा वाटा मात्र आई आणि बाप दोन्हीकडून जातो. परागकोश बंद पडणे म्हणजे त्यांचा अर्धा वाटा बुडणे. त्यामुळे तंतुकणिकेचा डाव हाणून पाडणारे, पराग पुन्हा चालू करणारे जनुक केंद्रकात उपजले की तेही झपाट्याने पसरते. अशा जनुकांना पुनःस्थापक जनुके म्हणतात.

तेव्हा माळावर उभी असलेली मादी ही झाडाच्या हिताची निवड आहे असे समजण्याचे कारण नाही. तिच्या पेशीत वंध्यत्व आणणारी तंतुकणिका आहे आणि तिला आवर घालणारे जनुक तिच्या केंद्रकात नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या उभयलिंगी झुडपात तीच तंतुकणिका असू शकते, फक्त तिथे पुनःस्थापक हजर असतो. दोघांना बाहेरून पाहून हे कळत नाही. एका झाडाच्या आत दोन वारसांचे हितसंबंध वेगळे असू शकतात, ही कल्पना पचायला जीवशास्त्राला बराच वेळ लागला. माझ्या मते ती पचल्याशिवाय या विषयात एक पाऊलही नीट टाकता येत नाही.

थाईमच्या माळांवरची तफावत आता उलगडते. डोमे आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले होते की वणव्यानंतर किंवा जमीन उखडल्यानंतर नव्याने वसलेल्या माळांवर माद्या जास्त असतात, आणि वस्ती जुनी होत जाते तशा त्या कमी होतात. मोकळ्या जमिनीवर पहिल्यांदा मोजकी बिये पडतात. त्यांच्यासोबत तंतुकणिका येते, पण नेमका तिचा पुनःस्थापक येतोच असे नाही. मग माद्या भरभरून बी देतात आणि जागा भरते. काही वर्षांनी आजूबाजूच्या परागातून पुनःस्थापक पोहोचतो, उभयलिंगी वाढतात, माद्यांचा टक्का उतरतो. तोवर कुठेतरी दुसरा वणवा लागलेला असतो. एकेक माळ पाहिला तर कुठेच समतोल नाही, पण सगळा प्रदेश एकत्र पाहिला तर माद्याही टिकून आहेत आणि उभयलिंगीही. वणवा, धूप आणि मोकळी पडलेली जमीन यांच्या इतिहासाशी झाडांच्या लिंगाचे प्रमाण बांधलेले असावे, हे मला या संशोधनातले सर्वांत सुंदर फलित वाटते.

प्रयोगशाळेतून आलेल्या उत्तरांनी हे चित्र आणखी ठोस केले. वनस्पतींच्या तंतुकणिकांचा डीएनए फार मोडतो-जुळतो. तुकडे इकडचे तिकडे चिकटतात आणि त्यातून कधी कधी जोडतोडीचे नवे जनुक तयार होते. पेट्युनियात 1987 साली मॉरीन हॅन्सन यांच्या गटाने असे एक जनुक शोधले. त्यात तंतुकणिकेतल्याच दोन नेहमीच्या जनुकांचे तुकडे एकत्र आले होते. अशा जनुकाचे प्रथिन परागाला पोसणाऱ्या थरात बिघाड करते आणि पराग तयार होण्याआधीच मरतो. पान, खोड, बीजांड सारे ठीक राहते. 2002 साली याच पेट्युनियातला पुनःस्थापकही सापडला. आरएनएला चिकटून त्यातला संदेश निकामी करू शकणाऱ्या प्रथिनांच्या एका मोठ्या कुटुंबातला तो निघाला. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या झाडात या कुटुंबाचे सुमारे 450 सदस्य आहेत. त्यातली पुनःस्थापकांसारखी जनुके इतरांपेक्षा फार वेगाने बदललेली दिसतात, आणि लांबलेल्या झटापटीचा माग असाच उमटतो.

यापुढचा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि त्यावर अजून एकमत नाही. पुनःस्थापक इतका फायद्याचा असेल तर तो प्रत्येक झाडापर्यंत पोहोचून माद्या कायमच्या संपवत का नाही? सिद्धान्त सांगतो की पुनःस्थापकाला काहीतरी किंमत मोजावी लागत असली पाहिजे, विशेषतः ज्या झाडात त्याने आवर घालावा अशी वंध्य तंतुकणिकाच नाही तिथे. ही किंमत प्रत्यक्ष दाखवणे कठीण असते, कारण त्यासाठी कोणत्या झाडात कोणता पुनःस्थापक आहे हे आधी कळावे लागते. माया बेली यांनी 2002 साली उत्तर अमेरिकेतल्या निळ्या लोबेलियात ती दाखवली. पुनःस्थापक जास्त बाळगणाऱ्या झाडांचा पराग कमी जिवट निघाला. 2003 साली लिंडा डेल्फ आणि कर्टिस लाइव्हली यांच्यासोबत त्यांनी मांडलेल्या गणितात ही किंमत कशा स्वरूपाची आहे यावर सगळे अवलंबून होते. ती थोडी बदलली की माद्यांचा टक्का स्थिर राहतो, गोल फिरत राहतो किंवा शून्यावर जातो.

दोन तट पडले ते इथे. एका तटाच्या मते वंध्य तंतुकणिका साथीसारखी येते. नवी उपजते, पसरते, तिचा पुनःस्थापक मागून येतो, ती निष्प्रभ होते, मग दुसरी. दुसऱ्या तटाच्या मते अनेक प्रकारच्या तंतुकणिका आणि त्यांचे पुनःस्थापक दीर्घकाळ एकत्र टिकतात. जो प्रकार दुर्मीळ होतो त्याचा पुनःस्थापकही दुर्मीळ होतो, मग तो प्रकार पुन्हा डोके वर काढतो. दोन्ही म्हणणी तपासता येतात, कारण साथी येऊन गेल्या असतील तर तंतुकणिकांचा डीएनए सगळीकडे जवळजवळ सारखा आणि ताजा असेल. दीर्घ सहवास असेल तर त्यात जुन्या, एकमेकांपासून फार दूर गेलेल्या शाखा सापडतील.

2002 साली एकाच अमेरिकन नियतकालिकात याची दोन उत्तरे छापून आली, तीही सिलीन या एकाच प्रजातीतून. पेर इंगवारसन आणि डग्लस टेलर यांना युरोप-अमेरिकेत रस्त्याकडेला वाढणाऱ्या सिलीन व्हल्गारिसमध्ये साथींच्या खुणा दिसल्या. थॉमस श्टेडलर आणि लिंडा डेल्फ यांना उंच डोंगरांवर आणि ध्रुवप्रदेशाजवळ उशीसारख्या गाद्या करून वाढणाऱ्या सिलीन अकॉलिसमध्ये फार जुन्या शाखा एकत्र नांदताना सापडल्या. पुढच्या काही वर्षांत सिलीन व्हल्गारिसमध्येही वेगळे जनुक पाहिल्यावर भरपूर वैविध्य निघाले आणि पहिला निष्कर्ष डळमळला. दीर्घ सहवासाची बाजू आज मला जड वाटते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या रानबीटातही वंध्यत्व आणणाऱ्या चार प्रकारच्या तंतुकणिका ओळखल्या गेल्या आहेत. पण सगळ्या जातींना एकच नियम लागू होईल असे मानायला मी तयार नाही. वणव्यांच्या प्रदेशात दोन-चार दशकांत पालटणाऱ्या थाईमच्या वस्त्या आणि शतकभर जगू शकणारी सिलीन अकॉलिसची गादी यांची चाल एकच असण्याचे कारणच नाही.

त्यातच एक गुंतागुंत अशी की तंतुकणिका केवळ आईकडून येतात, हा नियमही पूर्णपणे पाळला जात नाही. डेव्हिड मॅकॉली आणि सहकाऱ्यांनी 2005 साली सिलीन व्हल्गारिसमध्ये दाखवले की अपवादाने बापाची तंतुकणिकाही संततीत शिरते, आणि एका झाडात दोन तऱ्हांच्या तंतुकणिका एकत्र सापडतात. मग त्यांची आपसात देवाणघेवाण होऊ शकते. प्रमाण थोडे असले तरी वंशावळींवरून काढलेल्या निष्कर्षांकडे त्यामुळे सावधपणे पाहावे लागते.

हे सारे आनुवंशिकतेचे झाले. पण माळावर मादीला पराग मिळायला हवा, ही रोजची गोष्ट आहेच. तिच्या फुलात पराग नसल्याने पराग गोळा करणाऱ्या मधमाश्यांना तिथे मिळण्यासारखे काही नसते, आणि अनेक जातींत फूलही लहान असते. व्हर्जिनियात मॅकॉली यांच्या गटाने सिलीन व्हल्गारिसच्या झाडांची मांडणी बदलून पाहिली. उभयलिंगी शेजारी कमी झाले की माद्यांची फळधारणा घटत होती. म्हणजे माद्या स्वतःच्या यशानेच स्वतःची कोंडी करतात. 95 टक्के माद्या असलेल्या थाईमच्या माळावर उरलेल्या पाच टक्क्यांचा पराग सगळ्यांना पुरवायचा असतो.

हवापाण्याचाही यात हात आहे. न्यूझीलंडमध्ये हेबे नावाच्या झुडपावर काम करताना लिंडा डेल्फ यांना 1990 साली दिसले की कोरड्या, निकृष्ट जागी उभयलिंगी झुडपे फळे धरणे कमी करतात आणि बऱ्याच अंशी बाप म्हणूनच जगतात. मादीला तशी मुभा नाही. फळ धरण्यावाचून तिच्याकडे दुसरा मार्गच नसतो. अडचणीच्या जागी दोघांच्या बियांतले अंतर वाढते आणि माद्यांचा टक्काही वाढतो. अमेरिकेतल्या लोबेलियातही दक्षिणेच्या उष्ण भागात माद्या जास्त आढळतात, हे क्रिस्टिना करूसो आणि अँड्रिया केस यांनी 2007 साली मांडले.

आता त्या जुन्या समजुतीकडे. पाठ्यपुस्तकांत ही व्यवस्था पुष्कळदा एक पायरी म्हणून येते. आधी सगळी झाडे उभयलिंगी, मग माद्या आल्या, मग उरलेली झाडे हळूहळू नर झाली आणि शेवटी नर-मादी वेगळे. ब्रायन आणि डेबोरा चार्ल्सवर्थ यांनी 1978 साली या वाटेचे गणित मांडले आणि ते भक्कम आहे. माद्या वाढल्या की उरलेल्यांना बाप होण्यातच जास्त वाटा मिळतो, म्हणून बियांवरचा खर्च कमी करणारे बदल टिकतात. शीडियाच्या वेगवेगळ्या जातींत या वाटेवरचे वेगवेगळे टप्पे दिसतात. रानटी स्ट्रॉबेरीतही दिसतात, ज्यांवर टिया-लिन अॅशमन यांनी पिट्सबर्गमध्ये काम केले. महाबळेश्वर-पाचगणीच्या मळ्यांत लागणारी स्ट्रॉबेरी याच रानटी जातींपैकी दोघींच्या संकरातून आली. 1714 साली फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने चिलीहून आणलेली रोपे सगळी मादी होती आणि उत्तर अमेरिकेच्या स्ट्रॉबेरीचा पराग मिळेपर्यंत युरोपात त्यांना नीट फळ धरले नाही.

पण ही वाट आहे, घाट उतरलाच पाहिजे असा नाही. तुळस-पुदिन्याच्या कुळात मादी-उभयलिंगी जाती भरपूर आहेत आणि नर-मादी पूर्ण वेगळे असलेल्या जाती अगदी थोड्या. तिथे ही व्यवस्था कुठे जाण्यासाठी निघालेली दिसत नाही. तंतुकणिका आणि केंद्रक यांची ओढाताण चालू आहे तोवर ती चालते. आणि वाट उलटीही जाते. खानदेशात लावली जाणारी तैवान 786 पपई हे त्याचे उदाहरण. तिच्या रोपांत मादी आणि उभयलिंगी अशी दोनच तऱ्हेची झाडे निघतात, नर नाही. पण रानटी पपईत नर आणि मादी वेगळे असतात. उभयलिंगी पपईचे लिंग-गुणसूत्र नराच्या गुणसूत्रापासून सुमारे 4,000 वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि त्यामागे मध्य अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची निवड असावी असे 2015 साली मांडले गेले. बाहेरून थाईमसारखी दिसणारी ही व्यवस्था आतून पूर्ण वेगळी आहे. इथे तंतुकणिकेचा काही संबंध नाही.

महाराष्ट्राच्या शेतीत मात्र तंतुकणिकेचा हा खेळ साठ वर्षांपासून रोजच्या वापरात आहे, आणि रानफुलांवरच्या लेखात त्याला जागा द्यायलाच हवी. 1925 साली कॅलिफोर्नियात हेन्री जोन्स यांना कांद्याचे एक पराग न देणारे झाड सापडले आणि त्यातून संकरित कांद्याचे बियाणे शक्य झाले. ज्वारीत 1954 साली टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मिलो ज्वारीचे पेशीद्रव्य आणि काफिर ज्वारीचे केंद्रक एकत्र आणून नरवंध्य झाडे मिळवली. भारताची पहिली संकरित ज्वारी, 1964 ची सीएसएच-1, त्याच वंध्यत्वावर उभी राहिली. पुढच्या वर्षी लुधियानाहून संकरित बाजरी, एचबी-1 आली, तिची मादी जॉर्जियातल्या टिफ्टनची. जालना आणि आसपासच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर काम केलेल्या शेतकऱ्याला ए-लाईन, बी-लाईन, आर-लाईन ही नावे तोंडपाठ असतात. ए-लाईन म्हणजे वंध्य तंतुकणिका असलेली मादी. आर-लाईन म्हणजे पुनःस्थापक बाळगणारा बाप. कणीस भरायला पराग लागतो, म्हणून ज्वारी-बाजरीत आर-लाईनशिवाय चालत नाही. कांद्यात मात्र गड्डाच हवा असल्याने पुढच्या पिढीत पराग आला काय, न आला काय, फरक पडत नाही. तुरीत इक्रिसॅट या संशोधन संस्थेने हेच वंध्यत्व तिच्या रानटी नातलगाच्या पेशीद्रव्यातून आणले आणि 2010 साली मध्य प्रदेशात आयसीपीएच 2671 हा संकरित वाण आला.

रानातल्या वस्त्यांत अनेक तऱ्हेच्या तंतुकणिका मिसळून असतात. शेतीने एकच निवडून लाखो हेक्टरवर लावली. अमेरिकेत 1970 साली याची जबर किंमत मोजावी लागली. तिथल्या सुमारे 85 टक्के मक्यात टेक्सास नावाचे एकच पेशीद्रव्य होते. वंध्यत्व आणणारे त्यातले जोडतोडीचे प्रथिनच करप्याच्या बुरशीच्या एका प्रकाराला झाड उघडे पाडत होते. देशाचे सुमारे 15 टक्के पीक गेले. रानफुलांचा अभ्यास हा हौशी लोकांचा नाद मानणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावे. एका पिकात किती तऱ्हेचे पेशीद्रव्य असावे हा प्रश्न रानात कधीच सोडवला गेला होता.

सध्याच्या संशोधनातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते माद्या दिसत नाहीत तिथे शोधणारे काम. एखाद्या वस्तीत शून्य टक्के माद्या असणे याचे दोन अर्थ होऊ शकतात. तिथे वंध्य तंतुकणिका कधी आलीच नाही, किंवा आली आणि प्रत्येक झाडात तिचा पुनःस्थापक बसला. अरॅबिडॉप्सिस हे सर्वांत जास्त अभ्यासलेले, नेहमी उभयलिंगी आणि बहुतांश स्वपरागण करणारे झाड. 2013 साली फ्रेंच संशोधकांनी त्याच्या दोन दूरच्या वाणांचा संकर केला, तर काही संतती नरवंध्य निघाली. लपलेले वंध्यत्व आणि त्यावरचा तोडगा दोन्ही तिथे होते, फक्त ते एकाच घरात असल्याने दिसत नव्हते. निखळ उभयलिंगी दिसणाऱ्या अशा किती जाती आहेत ते वेगवेगळ्या ठिकाणची झाडे एकमेकांशी संकरित करूनच कळेल. नुसती फुले मोजून हे उघड होणार नाही.

आणि 2022 साली हा विषय वनस्पतींच्या बाहेर गेला. फायसा अॅक्युटा ही गोड्या पाण्यातली उभयलिंगी गोगलगाय मूळची उत्तर अमेरिकेतली, पण आता जगभर पसरलेली, भारतातही आढळणारी. फ्रान्समधल्या वस्त्यांत पात्रिस दावी, एमिलियां ल्युके आणि सहकाऱ्यांना काही गोगलगायी नर म्हणून निष्फळ असलेल्या सापडल्या. त्यांच्या तंतुकणिकांचा डीएनए त्याच जातीतल्या इतरांपेक्षा इतका वेगळा होता की एरवी तो दुसऱ्याच प्राण्याचा मानला गेला असता. प्राण्यांत असे वंध्यत्व सापडण्याची ही पहिलीच वेळ. उभयलिंगी प्राणी हजारोंनी असताना ते एवढ्या उशिरा का सापडले, प्राण्यांच्या आटोपशीर तंतुकणिकांत जोडतोडीची जनुके क्वचितच तयार होतात म्हणून, की कुणी शोधलीच नाहीत म्हणून, हे ठरवण्याचे काम आता गोगलगायींच्या टाक्यांत सुरू झाले आहे.